अकरावं घर

२८ नोव्हेंबर २०२३

इमॅन्युएल,

सलाम. आधी वाच, मग फाडायचं तर फाड.

तुझ्या फोनमध्ये माझा नंबर बंद आहे, हे कळून मला दीड वर्ष झालं. पोस्टमनला मात्र कुणी बंद करू शकत नाही. अंकलेश्वरचा पत्ता लिडियाने दिला. तिच्यावर डाफरू नकोस. चुलत बहीण असली तरी पाढे माझ्याकडेच शिकलीय, मला नाही म्हणायला तिची जीभ रेटत नाही. आणि घरची बोली सोडून शाळेच्या मराठीत लिहितेय म्हणून हसूही नकोस. आपली बोली तोंडात राहते, कागदावर उतरवायला गेलं की रुसते.

कळवायचं एवढंच, की तुझा लॅपटॉप चालू झाला.

तू गेलास त्या दिवशी तो बाबांच्या बाजाच्या पेटीशेजारी ठेवलास आणि म्हणालास, "एक मुकी आहेच, हाही मुकाच राहू दे." मी त्यावर जुनं लुगडं टाकलं आणि वीस महिने तिकडे पाहिलं नाही. यंदा जूनअखेर मी रिटायर झाले. शाळेने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. चौतीस वर्षं घंटेवर नाचलेल्या बाईला निरोपाला पुन्हा घड्याळच, काय म्हणावं. भात कापून होईपर्यंत शेतात दिवस गेले. मग दुपारी रिकाम्या झाल्या आणि ते लुगडं डोळ्यात खुपायला लागलं.

विसरवाडी फाट्यावर फुरकानच्या दुकानात नेला. तुझ्याच दोस्ताकडे नेला, दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. त्याने पाठ उघडली तर बॅटरी भाकरीसारखी फुगलेली. नवी बसवली. पासवर्ड मागितला तर फुरकान माझ्याकडे बघायला लागला. मी पहिल्याच खेपेला उघडून दिला. लहानपणापासून तू प्रत्येक वहीवर आपल्या शेळीचं नाव लिहीत आलायस, छत्तिसाव्या वर्षीही बिजलीच असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

फुरकान म्हणाला, "बाई, चालू तं व्हई गया. पन तुम्ही काय करशात ह्यानं?"

मी म्हटलं, उंदरांपासून वाचवायचा होता. तो हसला आणि त्याने पिशवीत घालून दिला. खरं कारण मलाही माहीत नव्हतं, असं समज.

सख्खी बहीण असून तू मला घरातही बाई म्हणायचास आणि वर्गातही. तेव्हा सही तीच करते.

बाई


१७ डिसेंबर २०२३

इमॅन्युएल,

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमन गोकुळला दोनदा विचारलं. तो म्हणाला, बाई, आलं तर मी सायकल फेकून पळत येईन. गोड बोलतो मेला.

शिकवायला कुणी नसलं की मास्तरीण कशी शिकते ते ऐक. मी एक वही केलीय. डावीकडे तुझ्या सूर बांधायच्या प्रोग्रॅममधला इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मला लागलेला अर्थ. फिल्टर म्हणजे दार. लोटलं की आवाज आतल्या खोलीत राहतो, उघडलं की अंगणात येतो. रिव्हर्ब म्हणजे ती खोलीच, केवढी हवी ते ठरवायचं. तिथं चर्च असा एक पर्याय आहे. मी तो लावून पाहिला. आपलं चर्च नव्हे ते, आपल्या पत्र्याखाली इतका घुमारा कुठला.

आणि सिक्वेन्सर म्हणजे सोळा घरांची ओळ. घरावर टिचकी मारली की त्यात दिवा लागतो आणि तिथं सूर वाजतो. परत मारली की विझतो. उजेडाची एक रेघ डावीकडून उजवीकडे चालत जाते, सोळावं घर झालं की पुन्हा पहिल्यापासून. भातलावणीला बाया अशाच ओळीने सरकतात. पण बांध आला की बाईला कंबर सरळ करता येते, तुझ्या रेघेला कंबरच नाही.

मी पहिल्यांदा तुझं 'विसरवाडी फाटा' लावलं. बावीस मिनिटांचं. पाच मिनिटं झाली तरी गाणं सुरू होईना. ना शब्द, ना ढोल. मला वाटलं हा पोरगा बोअरची मोटर लावून विसरलाय. बंद केलं आणि भाजी निवडत बसले.

संध्याकाळी ओट्यावर बसून पुन्हा लावलं, कानांवर तुझ्या हेडफोनचे ते मोठे गोल. कोंडाईबारी घाटावरच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे लागायला लागले होते. ते सगळे एकदम लागतात आणि एकदम विझतात, हे मी इतकी वर्षं बघत असून बघितलं नव्हतं. तुझी रेघ आणि ते दिवे कधी एका चालीत आले मला कळलं नाही. सूर तेच, पुन्हा तेच, पण दार इतकं हळू उघडत होतं की उघडतंय हे उघडल्यावरच समजत होतं. हायवेवरचे ट्रक त्यात येऊन मिसळत होते. शेतावरचं धुकं पायरीपर्यंत आलं, आणि मला वाटलं तेही त्या आवाजातूनच निघालंय.

तेराव्या मिनिटाला खाली एक घरघर आहे. मला आईचं जातं ऐकू आलं. ती गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, तुला तिचं काही आठवत नाही असं तूच सांगतोस. मग ते तिथं कसं आलं? की तू दुसरंच काही ठेवलंयस आणि जातं मी नेलं? डोळे उघडले तेव्हा कोंबड्या आपापल्या खुराड्यात जाऊन बसल्या होत्या, चूल थंड होती, आणि मला भुकेचीही आठवण नव्हती.

मी तुझ्या या कामाला पोरखेळ म्हणायचे. आता म्हणणार नाही. एवढं तरी लेखी घे.

एकोणीस फाइली आहेत. अठरा ऐकल्या. एक उघडली नाही. तिचं नाव तुला माहीत आहे.

बाई


९ जानेवारी २०२४

इमॅन्युएल,

नाताळ झाला. तुझ्या वाटणीची पुरी मी ताटात वाढली आणि मग मीच खाल्ली. लिडिया आली होती. तू बरा आहेस, कारखान्यात शिफ्टवर जातोस, कुणाशी फार बोलत नाहीस, एवढं तिने सांगितलं. आणखी विचारलं तर चहा ठेवायला उठून गेली.

सूर कसा वागावा याचे चार खटके मी शिकले. किती वेगाने जागा व्हावा, किती खाली बसावा, किती तग धरावा. चौथा मला सगळ्यांत आवडला. बोट उचलल्यावरही सूर किती वेळ मागे राहावा, ते तो ठरवतो. तू तो सगळीकडे लांब ठेवतोस. तुझं बोट केव्हाच निघून गेलेलं असतं, आणि तरी खोलीत काहीतरी असतं.

तो खटका सरकवता सरकवता मला बाबांचं बोट आठवलं. पेटीची हकिगत तुला अर्धीच ठाऊक आहे, कारण तू तेव्हा जन्मलाच नव्हतास. उरलेली अर्धी आज सांगते.

सन एक्क्याऐंशी. मी सोळा वर्षांची. बाबांच्या घशाचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं, कुजबुजण्यापुरता आवाज उरलेला. गाता येईना म्हणून माणूस पेटीवर गाणी बांधायला लागला. त्या उन्हाळ्यात अक्कलकुव्याकडच्या मेळाव्याहून येताना पेटी ट्रकवरून पडली. सगळी वाचली, मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी तेवढी गेली. काळी चार. चर्चसाठीचं सांजगीत तेव्हा अर्धं बांधून झालं होतं. बाबांनी ते त्याच पेटीवर पुरं केलं आणि त्याच पेटीवरून मंडळीला शिकवलं. गाऊन दाखवणारं कुणी नव्हतंच. पेटी जिथं बोलली तिथं लोक गायले, पेटी जिथं गप्प बसली तिथं लोक गप्प बसले. म्हणून आजही दर ओळीत अकराव्या मात्रेला सगळी मंडळी थांबून श्वास घेते. परगावचे पाहुणे येतात आणि विचारतात, एवढी सुंदर जागा कुणी सोडलीय? आपले लोक मान ताठ करून बाबांचं नाव सांगतात, आमच्या रायसिंग मास्तरांनी.

मी शेजारी बसून वहीची पानं उलटायचे. म्हणून मला दिसायचं. त्या जागेवर बाबांचं बोट थांबत नसे. ते काळ्या चारवर जायचं, पट्टी दाबायचं आणि उचललं जायचं. आवाज काही नाही. पुढच्या ओळीला पुन्हा तसंच. चाळीस वर्षं, दर रविवारी.

एकदा मी म्हटलं, धुळ्याहून सूर आणून बसवून घेऊ. ते जवळ वाकले आणि कुजबुजले, "लोकांनी तिथं श्वास घेतलाय, मार्था. तो परत कसा मागू?"

हे मी तुला का सांगतेय? सहज. थंडी आहे, बोलायला कुणी नाही.

त्या रविवारचं म्हणशील, तर बाबांची पहिली स्मरणसभा होती आणि सांजगीत तुझ्या यंत्रावर वाजवायचं ठरलं होतं. ते सुरू झालं तेव्हा बाया डोळे पुसत होत्या. तू पाहिलं नसशील, तू पडद्यात डोकं खुपसून होतास. मग अकरावी मात्रा आली, आणि जिथं चाळीस वर्षं कुणी बोललं नव्हतं तिथं तुझं यंत्र बोललं. अर्धे लोक श्वासात, अर्धे पुढच्या शब्दात. दुसऱ्या ओळीला तर सगळे एकमेकांवर आदळले. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. करमसिंगकाका, मंडळीतले सगळ्यांत वडील, मोठ्याने म्हणाले की यंत्राला छाती नसते, त्याला श्वास कुठून कळणार. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "मी ती जागा सोडली होती." म्हणताना माझ्याकडे पाहिलंस.

मी उठले आणि वायर ओढली. तुझी लाज झाकायला ओढली, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलेय. त्यानंतर मी जे बोलले ते तुला पाठ असेल. मी लिहीत नाही.

थंडीत बाहेर पडताना कानाला बांधत जा.

बाई


४ फेब्रुवारी २०२४

इमॅन्युएल,

हे पत्र मी तीनदा लिहून तीनदा चुलीत घातलं. आता चौथं सरळ लिहिते, मागे वाचणार नाही.

गेल्या बुधवारी फुरकानकडे गेले होते. लॅपटॉप पुन्हा बंद पडला तर काय, म्हणून तुझ्या सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्यायच्या होत्या. त्याने यादी लावली. प्रत्येक फाइलीपुढे ती शेवटची कधी बदलली त्याची तारीख आणि वेळ असते, हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर गेलेच नसते बहुतेक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर पवनचक्कीचा लाल दिवा लागला.

सांजगीतापुढे लिहिलं होतं, बारा मार्च दोन हजार बावीस, पाच वाजून बेचाळीस मिनिटं. स्मरणसभेच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ.

फुरकानने त्या ओळीवर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाला, "बाई, त्या टाइमले इमॅन्युएल तं अठे व्हता. मन्हा दुकानमा. स्पीकरनी वायर लेवाले येल व्हता, चहा पिना आनि मंग गया."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग परत पडद्याकडे. त्याला कळलं. आणि इमॅन्युएल, तुझा दोस्त भला माणूस आहे. त्याने नजर वर न करता सांगितलं, "एक डाव सेव्ह करी टाका ना बाई. तारीख नवी व्हई जाई."

दोन बटणं. तेवढंच दाबायचं होतं, की ती संध्याकाळ जगातून पुसली गेली असती. माझं बोट कंट्रोलवर गेलं होतं, हेही लिहून ठेवते. मग मी झाकण मिटलं आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले.

ते मी केलं.

त्या शनिवारी तू विसरवाडीला गेलास तेव्हा मी तुझ्या खोलीत झाडायला आले. लॅपटॉपचा पडदा उघडाच होता, सांजगीत लावलेलं. घरांमध्ये दिवे होते आणि अकरावं घर अंधारात. डावीकडे पेटीच्या पट्ट्या उभ्या मांडल्या होत्या, काळी चार शोधायला मला वेळ लागला नाही. तिथं कुठला सूर आहे हे जगात मला एकटीला माहीत होतं. बाबा गेले होते. मी मेले की कुणालाच माहीत राहणार नव्हतं. ते बोट चाळीस वर्षं मुक्या पट्टीवर पडत आलं, त्याचा आवाज एकदा, फक्त एकदा ऐकावा एवढंच मनात आलं. बाबांनी नको म्हटलं होतं तेही त्याच वेळी आठवलं. आठवूनही मी टिचकी मारली. घरात दिवा लागला. तू करायचास तशी कंट्रोल आणि एस दाबली. वाजवून बघणार तेवढ्यात तुझी मोटारसायकल अंगणात आली आणि मी झाडू उचलला.

रात्रभर मी खुशीत होते. उद्या मंडळी चकित होईल, मग मी उभी राहून सांगेन की हे बाबांचं बोट, असं ठरवलं होतं. लोक अडखळतील हे मला, चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर श्वास घेणाऱ्या बाईला, सुचलं नाही. मला फक्त माझा कान दिसत होता. आणि लोक हसायला लागले तेव्हा मी घाबरले. तू माझ्याकडे पाहिलंस ते विचारायला नव्हे, मदतीला पाहिलंस. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. नीट तपासायला हवं होतंस."

करून सवरून नामानिराळी. वर्गात एखादं पोर असं वागलं असतं तर मी त्याला दिवसभर बाकावर उभं केलं असतं.

तू माफ कर असं मी म्हणत नाही. तू खरं बोलत होतास, एवढंच तुला माझ्या हातचं लिहून पाठवायचं होतं. पण हे नुसतं तुला सांगून भागणार नाही, खोटं मी तुला चारचौघांत पाडलं होतं. यंदाची स्मरणसभा दहा मार्चला आहे.

मार्था


११ मार्च २०२४

इमॅन्युएल,

काल झालं.

पाळकसाहेबांना मी आधी पाच मिनिटं मागून ठेवली होती. त्यांना वाटलं मी बाबांच्या आठवणी सांगणार. पुढे गेले, बाबांची पेटी एका बाजूला, तुझा लॅपटॉप दुसऱ्या बाजूला. चौतीस वर्षं वर्गापुढे उभी राहिलेली मी, आणि काल मला पेटीला धरून उभं राहावं लागलं. मी फार बोलले नाही. म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी तो सूर मी घातला. इमॅन्युएलने जागा सोडली होती. मी ती भरली, आणि वर त्यालाच खोटं ठरवलं."

मग करमसिंगकाका काठी टेकून उठले. मला वाटलं आता चामडी सोलतात. सोलली असती तरी मी ऐकून घेतलं असतं.

ते म्हणाले, "म्हणजे तिथं सूर होता?"

मी म्हटलं, होता.

"रायसिंगला माहीत होता?"

मी सांगितलं, दर रविवारी ते ती पट्टी दाबायचे, आवाज येत नव्हता एवढंच. काका खाली बसले. त्यांच्या शेजारची माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि ते आपल्या हाताकडे. मग आपल्या बोलीत म्हणाले की वाजव, पोराचंच वाजव, त्याने केलं होतं तसं.

मी अकरावं घर विझवलं आणि गीत लावलं.

तुझं ते सुरुवातीचं लांबलचक उघडणं लोक दोन वर्षांपूर्वी पुढच्या गोंधळात विसरूनच गेले होते. काल ऐकलं. खिडक्यांतून सकाळचं ऊन येत होतं, धूळ त्यात तरंगत होती, आणि ते सूर खालून भरत आले. विहिरीला पाणी चढतं तसे, घाई न करता. कुणी खूण केली नाही, तरी सगळे एकदम गायला लागले. मग अकरावी मात्रा आली. आणि श्वास कुणीच घेतला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सगळी मंडळी तिथं थांबून ऐकत होती. बाहेरच्या झाडावरून मोहाचं एक फूल पत्र्यावर पडलं, तेवढंच वाजलं. मग पुढची ओळ.

बाहेर आल्यावर काकांनी तुझा नंबर मागितला. माझा नंबर तू बंद केलायस हे मी सांगितलं, लपवण्यासारखं आता काही उरलं नाही. ते म्हणाले, मग लिही त्याला, म्हातारा चुकला म्हणावं, यंत्राला छाती असते की नाही ते मला माहीत नाही पण पोराला आहे.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. एकोणीसही फाइली आहेत. काल वाजवताना मी घर विझवलं तरी सेव्ह केलं नाही. सांजगीत तुझ्याकडे येतंय ते दिव्यासकट आणि तारखेसकट. पुरावा तुझा आहे, तो पुसायचा की ठेवायचा ते तू बघ.

आणि एक. तो सूर मी अजून ऐकलेला नाही, त्या रविवारी तो लोकांच्या गोंधळात बुडाला होता. फाइल घरातच होती, कधीही लावता आली असती. दोनदा बोट पुढे गेलं. पण ज्याच्यासाठी तुला घालवलं तो मी आता एकटीने ओट्यावर बसून ऐकावा, हे मला बरं वाटेना. राहिला तर राहिला. बाबांनीही चाळीस वर्षं न ऐकताच काढली की.

लॅपटॉप पुसून ठेवलाय. लुगडं काढलंय.

मार्था


२१ एप्रिल २०२४

इमॅन्युएल,

काल गोकुळ आला. सायकल त्याने खरंच अंगणात टाकून दिली आणि पाकीट डोक्यावर धरून आला. अक्षर तुझं.

आत वहीच्या कागदात गुंडाळलेलं नखाएवढं कार्ड. कागद मी दोन्ही बाजूंनी पाहिला, उजेडात धरून पाहिला. कोरा. आधी राग आला. दोन ओळी लिहायला काय झालं होतं? मग पाच महिने मीच तुझ्याकडे लिहून लिहून कागद भरले, तुला जागा कुठे ठेवली होती, असं मनात आलं आणि राग गेला.

ते कार्ड लॅपटॉपला जोडायची खिटी आणायला भर उन्हात विसरवाडी गाठली. फुरकान म्हणाला, अठेच ऐका ना बाई, मालेबी ऐकनं शे. मी म्हटलं, तुला उद्या. त्याने खुर्ची पुढे केली होती ती मागे घेतली, रागावला नाही.

संध्याकाळी घरी लावलं. पेटीजवळ, स्पीकरवर, कानात नाही. सांजगीत. कुठल्या यंत्रावर केलंस कोण जाणे, आवाज पहिल्यापेक्षा मऊ आहे आणि चाल जरा संथ. दार कुठे उघडतं ते मी शोधत बसले आणि नेहमीसारखी चुकले. पहिली ओळ आली, अकराव्या घरात अंधार. दुसरी आली, अंधार. चारही कडव्यांना तू ती जागा तशीच ठेवलीस. मी प्रत्येक वेळी श्वास घेतला. बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं, ते खोटं कशाला सांगू. मग गीत संपलं, सूर एकेक करून निघून गेले. पवनचक्क्यांचे दिवे लागत होते. मी बंद करायला हात पुढे केला तर पडद्यावर अजून वेळ उरलेला दिसत होता. बेचाळीस सेकंद.

मग काळी चार आली.

एकटी. मागे पुढे काही नाही. ती कधी सुरू झाली ते सांगता येणार नाही, मला कळलं तेव्हा खोलीत ती होतीच. मला वाटायचं तो सूर उंच असेल, टोचणारा असेल. तसा नाही. बाबा जवळ वाकून काही सांगायचे तेवढाच आहे. मी उठले, पेटीचं झाकण उघडलं, डाव्या हाताने भाता ओढला आणि उजव्या हाताचं बोट त्या मुक्या पट्टीवर ठेवून दाबलं. भात्यातून नुसती हवा आली आणि तुझा सूर चालू होता. शेजारच्या खोलीतून कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, मास्तरांची पेटी वाजतेय.

सूर संपल्यावरही बोट उचलायला मला थोडा वेळ लागला.

बाई